रुग्णालय-पाहणीच्या डेटातून कॉन्फिडन्स इंटरव्हल: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

गेल्या हिवाळ्यात कम्युनिटी मेडिसिनचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन कोल्हापुरात माझ्या राजारामपुरीतल्या घरी आला. मुलगा गडहिंग्लजकडचा, कष्टाळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचा आरोग्याचा डेटा त्यानं स्वतः उतरवून घेतला होता, फाइल उघडली होती, टक्केवारी काढली होती आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा, लिहिला होता. "मॅडम, इंटरव्हल किती बारीक आलाय बघा की," म्हणाला. त्याचा आनंद खरा होता, पण इंटरव्हल चुकला होता. आणि सॉफ्टवेअरनं त्याला कुठेही अडवलं नव्हतं. एरर नाही, इशारा नाही, तक्ता अगदी देखणा.

आम्ही तीन तास बसून ते दुरुस्त केलं. त्या तीन तासांत जे केलं तेच इथे क्रमानं मांडते. सांगायची गोष्ट एकच आहे, पण ती प्रत्येक पायरीवर वेगळ्या रूपात समोर येते: नमुना कसा उचलला हे सॉफ्टवेअरला आधी सांगायचं, आकडा नंतर मागायचा.

आधी गुऱ्हाळावर जाऊ

समजा तुम्हाला कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुळाची प्रत तपासायची आहे. तुम्ही एका गुऱ्हाळावर गेलात आणि एकाच काहिलीतल्या एकाच आधणाचे चाळीस रवे तपासले. वहीत चाळीस नोंदी झाल्या. पण ऊस एकाच फडातला, रस साफ करायला घातलेली भेंडी तीच, गुळव्याचा हात तोच. पहिला रवा चाखला तेव्हाच उरलेल्या एकोणचाळीस रव्यांबद्दल बरंचसं कळलं होतं. उलट चाळीस गुऱ्हाळांवरून एकेक रवा आणला असता तर वहीत नोंदी तेवढ्याच झाल्या असत्या, पण माहिती कितीतरी जास्त मिळाली असती.

आरोग्याच्या राष्ट्रीय पाहण्या पहिल्या प्रकाराच्या जवळ जातात, कारण घरोघर फिरायला माणसं आणि पैसे लागतात. ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, आधी गावं आणि शहरी ब्लॉक निवडले आणि मग प्रत्येकातून साधारण आठ घरं घेतली. एकूण १,१३,८२३ घरं आणि त्यांतली साडेपाच लाखांहून अधिक माणसं. एका गावातल्या आठ घरांना जवळचा दवाखाना एकच, खासगी डॉक्टर तेच, रस्ता तोच. त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येणारच.

हा सारखेपणा इंटरव्हल किती फुगवतो, ते मोजायचं माप लेस्ली किश यांनी १९६५ साली रूढ केलं. त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. गटात सरासरी किती घरं आहेत त्यातून एक वजा करा, त्याला गटातल्या सारखेपणाच्या सहसंबंधानं गुणा आणि त्यात एक मिळवा. आठ घरं आणि सहसंबंध ०.०५ असेल तर १ + ७ × ०.०५ = १.३५. भारांक, म्हणजे नमुन्यातलं एक घर लोकसंख्येतल्या किती घरांच्या वतीनं बोलतं तो आकडा, घराघरांत फार वेगवेगळे असतील तर डिझाइन इफेक्ट आणखी चढतो.

हे हातानं एकदा करून बघाच. आकडे सरावासाठी आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. १,२०० जणांपैकी ३० टक्के लोक सरकारी रुग्णालयात भरती झाले. साध्या सूत्रानं प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) येते १.३ टक्के, आणि तिची १.९६ पट दोन्ही बाजूंना घेतली की इंटरव्हल २७.४ ते ३२.६. आता डिझाइन इफेक्ट २.५ धरा. त्रुटीला २.५ च्या वर्गमुळानं गुणायचं, म्हणजे सुमारे १.५८ नं. त्रुटी होते २.१ टक्के आणि इंटरव्हल २५.९ ते ३४.१. मधला आकडा ३० तो ३०च. तुमच्याकडे ओळी १,२०० आहेत, पण माहिती ४८० जणांएवढीच आहे. त्या मुलाचा बारीक इंटरव्हलही असाच ओळींच्या संख्येवर विश्वासून आला होता.

पहिली पायरी: हत्यार कुठलं घ्यायचं

इथे फार वेळ घालवू नका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये स्तर (नमुना काढण्याआधी क्षेत्राचे पाडलेले भाग), गट (निवडलेली गावं किंवा ब्लॉक) आणि भारांक या तिन्ही गोष्टी सांगता येतात ते चालेल. ज्यात फक्त भारांक सांगता येतो ते या कामाला चालणार नाही, मग ते कितीही महाग असो.

माझी शिफारस 'आर' या सॉफ्टवेअरची. ते फुकट आहे, आणि थॉमस लम्ली यांनी लिहिलेलं सर्व्हे नावाचं पॅकेज याच कामासाठी आहे. आरस्टुडिओमध्ये बसून काम केलं की केलेलं सगळं फाइलमध्ये लिहिलेलं राहतं. सहा महिन्यांनी गाइडनं "हा आकडा कसा आला?" असं विचारलं तर उत्तर त्या फाइलमध्ये सापडतं.

कमांड लिहायची धास्ती वाटत असेल तर एपी इन्फो घ्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं बनवलेलं, फुकट, विंडोजवर चालणारं. त्यात कॉम्प्लेक्स सॅम्पल नावाच्या कमांड आहेत. भारांक, स्तर आणि पीएसयू (पहिल्या टप्प्यात निवडलेला गट) यांचे रकाने निवडले की टक्केवारी आणि इंटरव्हल मिळतो. पहिल्या आठवड्यात समज पक्की व्हायला छान. मोठ्या कामाला मात्र अपुरं पडतं.

कॉलेजात स्टाटा असेल तर एसव्हीवायसेट, सॅस असेल तर सर्व्हेमीन्स आणि सर्व्हेफ्रीक या प्रोसीजर. एसपीएसएसमध्ये हे काम कॉम्प्लेक्स सॅम्पल्स या वेगळ्या मोड्यूलमध्ये होतं. पुष्कळ कॉलेजांच्या परवान्यात ते मोड्यूल नसतं, आणि मग मुलं नेहमीच्या मेनूतला 'वेट केसेस' पर्याय वापरतात. तसं करू नका. त्यानं टक्केवारी बरोबर येते, पण सॉफ्टवेअर भारांकांची बेरीज हीच नमुन्याची संख्या धरतं. भारांक लोकसंख्येपर्यंत पोचवणारे असतील तर सॉफ्टवेअरला वाटतं तुम्ही कोट्यवधी लोकांना भेटलात, आणि इंटरव्हल सुईच्या टोकाएवढा होतो. अमेरिकेच्या पाहण्यांवरच्या जुन्या अहवालांत सुडान हे नाव दिसेल. ते आरटीआय इंटरनॅशनल या संस्थेचं, याच कामासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. वाचताना ओळखता यावं म्हणून सांगितलं.

पुढचं सगळं मी आर धरून सांगते. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची, आणि नावात जोडरेघ असेल तिथे टिंब द्यायचं.

दुसरी पायरी: फाइल वाचणं

७५ व्या फेरीचा घटक-डेटा (घराघराच्या मूळ नोंदी) केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतो. वेळापत्रक २५.० शोधायचं. पाहणीच्या भाषेत प्रश्नावलीला वेळापत्रक म्हणतात. डेटासोबत तीन गोष्टी घ्यायच्याच: लेआउटची एक्सेल फाइल, प्रश्नावली, आणि क्षेत्र-कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचना. पुष्कळ जण फक्त डेटा घेतात आणि नंतर अडकतात.

टेक्स्ट फाइल उघडली की आधी जीव घाबरतो. स्वल्पविराम नाहीत, शीर्षक नाही, आकडे एकमेकांना चिकटलेले, ओळीमागून ओळ. त्या संध्याकाळी आम्ही पहिली ओळ मोठ्या अक्षरात कागदावर छापली, लेआउट शेजारी ठेवलं आणि पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत गेलो. इथपर्यंत राज्याचा कोड, मग जिल्हा, मग स्तर, मग उपस्तर. महाराष्ट्राचा कोड २७. तो दिसला तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे ही आपल्याकडचीच ओळ आहे," म्हणाला. ही पेन्सिलीची पायरी टाळू नका. आरमध्ये रीड-एफडब्ल्यूएफ कमांडला रकान्यांची रुंदी द्यायची असते. एका रकान्यात एका आकड्याची चूक झाली की पुढचे सगळे रकाने सरकतात, आणि सरकलेले आकडेही खरेच वाटतात.

डेटा अनेक लेव्हलमध्ये विभागलेला असतो. घराची एक फाइल, घरातल्या माणसांची वेगळी, भरती झालेल्या प्रकरणांची वेगळी. त्या जोडताना घराची पूर्ण ओळख वापरा: एफएसयू (निवडलेलं गाव किंवा शहरी ब्लॉक) क्रमांक, मग हॅम्लेट-ग्रुप किंवा सब-ब्लॉक (मोठ्या गावाचा किंवा ब्लॉकचा पाडलेला भाग), मग दुसऱ्या टप्प्याचा स्तर, मग घराचा क्रमांक. जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर ओळी मोजा. वाढल्या तर जोडणी फसली.

याच जागी मोजमापाचं एकक ठरवून टाका. भरती झालेली माणसं मोजताय की भरतीची प्रकरणं? एकच आजोबा वर्षात तीनदा भरती झाले तर प्रकरणं तीन, माणूस एक. शिवाय भरतीसाठी मागचे ३६५ दिवस विचारलेत आणि साध्या आजारपणासाठी मागचे १५ दिवस. ही दोन उत्तरं एका टक्केवारीत मिसळायची नाहीत.

तिसरी पायरी: भारांक

राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक ओळीत एमएलटी, एनएसएस आणि एनएससी असे तीन रकाने सापडतात. एनएसएस आणि एनएससी सारखे असतील तर भारांक म्हणजे एमएलटी भागिले १००. नसतील तर एमएलटी भागिले २००. जुन्या फेऱ्यांपासून चालत आलेली ही पद्धत आहे. तरी प्रत्येक फेरीच्या सोबतच्या टिपणात ती पुन्हा वाचूनच वापरा.

भारांक न लावता काय होतं, ते या पाहणीत फार ठळक दिसतं. निवडलेल्या गावात घरांची यादी करतानाच विचारलं होतं: घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे का? मागच्या वर्षात कुणी भरती झालं होतं का? अशी घरं वेगळी काढून त्यांतून मुद्दाम जास्त घरं निवडली. योग्यच केलं, कारण तसं केलं नसतं तर भरतीची प्रकरणं मूठभरच हाती लागली असती. पण म्हणून फाइलमध्ये भरती झालेल्यांची गर्दी आहे. सरळ मोजलं तर वाटेल घराघरात कुणीतरी ॲडमिट आहे. भारांक ही गर्दी पुन्हा प्रमाणात आणतो.

चौथी पायरी: डिझाइन सांगणं

हा सगळ्याचा गाभा. घाई करू नका.

आरमध्ये एसव्हीवायडिझाइन नावाची एकच कमांड आहे. तिला चार गोष्टी सांगायच्या. आयडीमध्ये पहिला गट, म्हणजे एफएसयू: निवडलेलं गाव किंवा शहरी ब्लॉक. स्ट्राटामध्ये स्तर. वेट्समध्ये मघाचा भारांक. आणि नेस्ट हा पर्याय खरा ठेवायचा.

स्तर म्हणजे काय? या फेरीत प्रत्येक जिल्ह्याचा ग्रामीण भाग हा एक मूळ स्तर आणि शहरी भाग हा दुसरा. दहा लाखांवरच्या शहरांना मात्र स्वतंत्र स्तर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महानगरपालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती, त्यामुळे आपलं शहर इचलकरंजी आणि जयसिंगपूर यांच्यासोबत जिल्ह्याच्या एकाच शहरी स्तरात येतं. मग त्याचे उपस्तर पडतात. इथे एक चूक फार होते. स्तराचे क्रमांक प्रत्येक राज्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. नुसता स्तर-क्रमांक दिला तर महाराष्ट्राचा आणि केरळचा स्तर सॉफ्टवेअर एकच समजेल. म्हणून राज्य, ग्रामीण-शहरी, स्तर आणि उपस्तर हे चारही कोड चिकटवून एक नवा रकाना करा आणि तो स्ट्राटामध्ये द्या.

डिझाइन तयार झाल्यावर पहिला अंदाज मागितला की बहुतेकांना एक एरर दिसतो: एका स्तरात एकच पीएसयू आहे. निवडलेल्या गावांपैकी एखाद्या ठिकाणी पाहणी होऊ शकली नाही की असं घडतं. एकाच गावावरून त्या स्तरातला चढउतार कळू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर अडतं. आरमध्ये सर्व्हे-लोनली-पीएसयू हा ऑप्शन ॲडजस्ट वर ठेवा. मग तो एकटा गट सगळ्यांच्या सरासरीशी ताडला जातो आणि इंटरव्हल थोडा रुंद, म्हणजे सावध येतो. असे स्तर किती निघाले ते लिहून ठेवा. दोनचार असतील तर ठीक. डझनावारी निघाले तर कुठेतरी स्तराचा रकाना चुकीचा बांधलाय, मागे जा.

मग डीईजीएफ कमांडनं स्वातंत्र्य-अंश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) विचारा. एफएसयूंची संख्या वजा स्तरांची संख्या, एवढंच ते असतं. देशपातळीवर हजारांत येतं. उत्तर लाखांत आलं तर सॉफ्टवेअरनं प्रत्येक ओळ वेगळा गट धरली आहे. त्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

पाचवी पायरी: स्वतःच्या प्रश्नाआधी छापलेला आकडा काढा

आपला प्रश्न लगेच विचारावासा वाटतो. थांबा. आधी सरकारी अहवालातला एखादा आकडा स्वतः काढून बघा. ७५ व्या फेरीच्या अहवालात बाळंतपण वगळून दर भरतीमागचा सरासरी वैद्यकीय खर्च ग्रामीण भागात १६,६७६ रुपये आणि शहरी भागात २६,४७५ रुपये दिला आहे. सरकारी रुग्णालयात ४,४५२ आणि खासगीत ३१,८४५. एसव्हीवायबाय आणि एसव्हीवायमीन वापरून हे चार आकडे काढा. जुळले तर फाइल बरोबर वाचली, जोडणी बरोबर झाली, भारांक बरोबर लागला.

पण इंटरव्हल बरोबर आहे असं यावरून सिद्ध होत नाही. सरासरी फक्त भारांकावर ठरते. स्तर आणि गट पूर्ण चुकवले तरी १६,६७६ हे १६,६७६च येतात. मुलाचे आकडेही अहवालाशी जुळले होते, म्हणूनच तो निर्धास्त होता. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशीच एक तक्त्यांची चळत पाठवली होती. सगळ्या सरासऱ्या जुळलेल्या, सगळे इंटरव्हल निम्म्या रुंदीचे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हातानं एक आकडा तपासून मला बोलावून घेतलं. त्यांनी दाखवलेली तपासणी तेव्हापासून मी प्रत्येकाला शिकवते.

ती अशी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ज्या कल्पना या पाहणीत रुजवल्या त्यांतली एक म्हणजे नमुना दोन स्वतंत्र उपनमुन्यांत काढणं. प्रत्येक उपनमुना एकटाच अख्ख्या क्षेत्राचा अंदाज देऊ शकतो. डेटात सब-सॅम्पल १ आणि २ असा रकाना असतो. दोन्हींतून अंदाज वेगवेगळे काढा. समजा पहिल्यातून २० टक्के आले आणि दुसऱ्यातून २२. सरासरी २१, आणि फरकाचा निम्मा, म्हणजे १ टक्का, ही प्रमाण त्रुटीची ढोबळ कल्पना. एका स्तरापुरता हा हिशेब फार डळमळीत असतो. म्हणून बेरजेच्या अंदाजांसाठी प्रत्येक स्तरातला फरक घेऊन त्याचा वर्ग करायचा, सगळ्या स्तरांची बेरीज करायची आणि चारानं भागायचं. त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी. एसव्हीवायटोटलनं दिलेली त्रुटी याच्या आसपास हवी. तंतोतंत जुळणार नाही, पण तिप्पट-चौपट फरक दिसला तर डिझाइन चुकलंय.

नमुना-पाहणी हा विषय आपल्या मातीला परका नाही, हेही इथे सांगावंसं वाटतं. पिकांच्या उत्पादनाचे अंदाज नमुन्यावरून बांधायचं शास्त्र ज्यांनी देशात उभं केलं त्या पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांचा जन्म १९११ साली जवळच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचा.

सहावी पायरी: आता इंटरव्हल

सरासरीसाठी एसव्हीवायमीन, आणि त्याच्या उत्तरावर कॉनफिंट. टक्केवारीसाठी मात्र एसव्हीवायसीआयप्रॉप वापरा, आणि का ते समजून घ्या. पुन्हा सरावाचे आकडे: १०० पैकी २ जण. साध्या सूत्रानं इंटरव्हल येतो उणे ०.७ ते ४.७ टक्के. उणे टक्के माणसं भरती होत नाहीत. लॉजिट पद्धतीनं तोच इंटरव्हल ०.५ ते ७.६ येतो: शून्याखाली जात नाही, आणि वरच्या बाजूला जास्त पसरतो, जे अशा विरळ घटनांना साजेसं आहे. एसव्हीवायसीआयप्रॉपमध्ये लॉजिट आपोआप लागू असते. फारच कमी टक्केवारी असेल तर बीटा पद्धत घ्या, ती अधिक सावध आहे.

खर्चाचं काम करत असाल तर सरासरीसोबत मध्यकही काढा, एसव्हीवायक्वांटाइलनं. हृदयाच्या एकाच शस्त्रक्रियेचं बिल शेकडो छोट्या बिलांची सरासरी ओढून नेतं.

आणि आता ज्या चुकीमुळे सगळ्यात जास्त प्रबंध परत येतात ती. तुम्हाला फक्त महाराष्ट्र हवाय, किंवा फक्त साठीच्या पुढचे. मुलं काय करतात, बाकीच्या ओळी आधीच पुसून टाकतात आणि उरलेल्या फाइलवर डिझाइन बांधतात. ज्या गावात साठीपुढचं भरती झालेलं एकही माणूस मिळालं नाही ते गाव यात फाइलमधूनच गायब होतं. पण त्या गावात कुणी मिळालं नाही हीसुद्धा माहिती आहे. ते नमुन्यात होतं, तिथे जाऊन विचारलं होतं. म्हणून आधी पूर्ण फाइलवर डिझाइन, मग त्या डिझाइनवर सबसेट कमांड. स्टाटात सबपॉप, सॅसमध्ये डोमेन. अख्ख्या राज्यापुरतं कापलं तर फारसं बिघडत नाही, कारण राज्याच्या सीमेवर स्तर संपतात. वय, आजार, रुग्णालयाचा प्रकार यांवर कापलं तर बिघडतं.

कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा काढू का?

हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि तो मनापासून येतो. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या बाहेर रांगेत बसलेली माणसं आपली आहेत, त्यांचा खर्च कळावा असं कुणाला वाटणार नाही? डेटात जिल्ह्याचा कोड आहे, सबसेट केलं की आकडा येतोही.

पण ७५ व्या फेरीचा नमुना राज्य आणि देश यांच्या अंदाजांसाठी आखला होता. एका जिल्ह्याच्या वाट्याला थोडीच गावं येतात, स्वातंत्र्य-अंश दहाच्या घरात किंवा त्याखाली उतरतात. अशा वेळी १.९६ हा नेहमीचा गुणकही अपुरा पडतो. दहा स्वातंत्र्य-अंशांना तो २.२३ होतो, पाचांना २.५७. कॉनफिंटला डीएफ हा पर्याय स्वतः द्या, नाहीतर ते मोठ्या नमुन्याचाच गुणक धरतं. इतकं करून जो इंटरव्हल येतो तो बहुतेकदा एवढा रुंद असतो की त्यातून काहीच ठरवता येत नाही.

मधला रस्ता आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत महाराष्ट्राचे सहा विभाग केले आहेत, आणि कोल्हापूर त्यांतल्या अंतर्गत पश्चिम विभागात येतं: पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) यांच्यासोबत. या विभागाचा अंदाज काढा, इंटरव्हल द्या आणि तो जिल्ह्याचा नाही हे स्पष्ट लिहा. जिल्ह्याचा खराच हवा असेल तर आपल्याला स्वतः पाहणी करावी लागेल.

जिथे रुग्णालयच नमुन्यात असतं

राष्ट्रीय नमुना पाहणी घरोघर जाते. अमेरिकेत रुग्णालयांनाच नमुन्यात घेऊन केलेल्या पाहण्या आहेत, आणि सरावाला त्या उत्तम, कारण कागदपत्रं नीट असतात. १९९२ साली सुरू झालेली नॅशनल हॉस्पिटल ॲम्ब्युलेटरी मेडिकल केअर सर्व्हे घ्या. तिच्या आपत्कालीन विभागाच्या खुल्या फाइलमध्ये तीन रकाने तयार मिळतात: स्तरासाठी सीस्ट्राटएम, गटासाठी सीपीएसयूएम आणि भारांकासाठी पॅटडब्ल्यूटी. रुग्णालयांची ओळख लपवण्यासाठी स्तर आणि गट झाकलेल्या रूपात दिले आहेत, पण हिशेबाला चालतात. चौथ्या पायरीतली कमांड तीच, फक्त नावं बदलायची. यात भारांक भेटींचा आहे. उत्तर येतं ते आपत्कालीन विभागातल्या भेटींचं, माणसांचं नाही.

त्याहून जुनी नॅशनल हॉस्पिटल डिस्चार्ज सर्व्हे, १९६५ ते २०१० ची. तिच्या खुल्या फाइलमध्ये डिझाइनचे रकाने नाहीत. त्याऐवजी सोबतच्या पुस्तिकेत ए आणि बी असे दोन स्थिरांक दिलेले असतात. बी ला अंदाजित संख्येनं भागा, त्यात ए मिळवा, वर्गमूळ काढा: सापेक्ष प्रमाण त्रुटी हातात. याला कॅल्क्युलेटर पुरतो. स्थिरांक त्या वर्षाचे आणि त्या विषयाचेच घ्यायचे, एवढी काळजी.

आकडा छापण्यालायक आहे का, हे ठरवायला याच पाहण्या चालवणाऱ्या संस्थेचे २०१७ चे टक्केवारीचे निकष मी वापरते. प्रभावी नमुना (नमुना-संख्या भागिले डिझाइन इफेक्ट) ३० च्या खाली असेल तर आकडा देऊ नये. इंटरव्हलची रुंदी ३० टक्के-बिंदू किंवा जास्त असेल तर देऊ नये. ५ किंवा कमी असेल तर द्यावा. मधे असेल तर रुंदी त्या टक्केवारीच्या १३० टक्क्यांहून जास्त नाही ना ते बघावं. हे निकष बीटा प्रकारच्या इंटरव्हलवर बेतलेले आहेत, तेव्हा तपासताना तोच काढा.

लिहिताना

तक्त्यात अंदाज, ९५ टक्के इंटरव्हल, आणि भारांक न लावलेली प्रत्यक्ष नमुना-संख्या हे तीन रकाने शेजारी हवेत. नमुना-संख्या पुष्कळ जण गाळतात आणि वाचणाऱ्याला पारख करायला काही उरत नाही.

पद्धतीच्या परिच्छेदात स्तर कशाचा बांधला, गट कुठला धरला, भारांक कसा काढला, एकट्या गटांचं काय केलं, टक्केवारीला कुठली पद्धत वापरली, सॉफ्टवेअर आणि पॅकेजची आवृत्ती, हे लिहा. पाचसहा ओळी होतात.

दोन इंटरव्हल एकमेकांवर चढलेले दिसले की "फरक नाही" असं लिहू नका. थोडे चढलेले असूनही फरक खरा असू शकतो. फरकाचाच इंटरव्हल काढा, एसव्हीवायकॉन्ट्रास्टनं. आणि ९५ टक्क्यांचा अर्थ जेर्झी नेमन यांनी १९३० च्या दशकात सांगितला तसाच लिहा: याच रीतीनं पुन्हा पुन्हा नमुने काढले तर शंभरातले सुमारे पंचाण्णव इंटरव्हल खऱ्या आकड्याला कवेत घेतील. नमुना भलत्याच घरांतून गेला, किंवा लोकांना वर्षभरापूर्वीचं बिल आठवलं नाही, तर त्या चुका या पंचाण्णवात धरलेल्या नाहीत.

त्या मुलाचा इंटरव्हल दुरुस्तीनंतर जवळजवळ पावणेदोन पट रुंद झाला. दोन तुलना, ज्या आधी ठाम वाटत होत्या, त्या गळाल्या. तिसरी टिकली, आणि त्यानं प्रबंध त्या तिसरीवर पुन्हा बांधायला घेतला.